गाळाच्या कोअरवरून जागेची प्रागैतिहासिक शक्यता कशी ठरवायची

सगळ्यात जास्त होणारी चूक आधीच सांगून टाकतो. लोक कोअर (जमिनीत नळी घालून काढलेला गाळाचा उभा दांडा) काढतात, उघडतात, आत दगडी हत्यार नाही, हाड नाही, काहीच नाही, मग रिपोर्टमध्ये "पुरातत्त्वीय शक्यता कमी" असं लिहून मोकळे होतात. अहो, १० सेंमी व्यासाच्या कोअरचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंमी भरतं. एका हेक्टरमध्ये असे २५ कोअर घेतले तरी सगळे मिळून ०.२ चौरस मीटर जमीन बघितली, म्हणजे ५० हजारांत एक भाग. त्यात हत्यार आलं तर लॉटरीच म्हणायची, आणि नाही आलं तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

कोअर हत्यारं शोधायला नसतोच. तो जुनी जमीन शोधायला असतो. माणसं जिच्यावर उभी राहू शकली असती अशी जमीन इथे गाडली गेलीय का, आज ती किती खोल आहे, नंतर पाण्याने खरवडून नेली का, आणि तिच्यावर काही पडलं असेल तर ते टिकावं अशी परिस्थिती आहे का, एवढे चारच प्रश्न. खालचं सगळं या चार प्रश्नांसाठी चाललंय हे डोक्यात ठेवा, नाहीतर मध्येच परागकणांच्या (गाळात टिकलेले, तेव्हा कुठली झाडं होती ते सांगणारे) प्रेमात पडाल आणि मूळ काम बाजूला राहील.

१. मशीन बोलवायच्या आधी जुने बोअरलॉग वाचा

बहुतेक जागांवर आधी कुणीतरी बोअर मारलेले असतात, पुलासाठी, पाइपलाइनसाठी, इमारतीच्या पायासाठी. ते सगळे लॉग (कुठल्या खोलीवर काय लागलं याच्या नोंदी) गोळा करा आणि एका शीटमध्ये टाका: बोअरची जागा, जमिनीची उंची, भराव किती, त्याखाली काय काय. निम्मं काम इथेच होतं आणि फुकटात होतं.

पण हे लॉग इंजिनिअरने त्याच्या कामासाठी लिहिलेले असतात. त्याला माती किती भार पेलेल याच्याशी मतलब, त्यामुळे ५-१० सेंमीचा पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या गाळाचा) पट्टा लॉगमध्ये गायब असू शकतो, कारण नमुने ठरावीक अंतराने घेतलेले असतात आणि पट्टा नेमका दोन नमुन्यांच्या मध्ये सापडतो. "मऊ काळसर सेंद्रिय चिकणमाती" असं कुठे दिसलं की पेनाने गोल करा, पुष्कळदा तोच तुमचा पीट असतो.

सावधान: "नैसर्गिक थर लागला" हे वाक्य वाचून थांबू नका. नैसर्गिक म्हणजे माणसाने टाकलेला भराव नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रागैतिहासिक काळातलं जे काही असेल ते याच नैसर्गिक थरांमध्ये असणार. इंग्लंडमधल्या हॅपिसबर्गला दगडी हत्यारं निघाली ती हिमनदीने आणून टाकलेल्या मातीच्या खालच्या जुन्या नदीमुखाच्या गाळात, आणि तो गाळ ८ लाख वर्षांहून जुना आहे. हिमनदीची माती लागली म्हणजे संपलं असं धरून चालला असता तर त्याच्या वरच थांबला असता.

जागा किनाऱ्याजवळ किंवा समुद्रात असेल तर एक हिशोब आधीच करा. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. म्हणजे आजच्या तळाचा बराच भाग तेव्हा कोरडी जमीन होता, तिथे नद्या होत्या, तळी होती. समुद्रात कोअरच्या आधी ध्वनिलहरी पाठवून तळाखालचे थर दाखवणारं भूकंपीय सर्वेक्षण झालेलं असायला हवं. त्यात बुजलेल्या नदीचं पात्र कुठे, काठ कुठे हे दिसतं आणि कोअर तिथे नेमका मारता येतो. सर्वेक्षण न करता समुद्रात कोअर मारणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं, आणि ती काठी भयंकर महाग असते.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एक कच्चा आडवा छेद (जमीन उभी कापल्यावर थर कसे दिसतील त्याचं चित्र) हाताने काढलेला पाहिजे, भले त्यात पाच प्रश्नचिन्हं असोत. तो काढता येत नसेल तर कोअर कुठे मारायचे हे तुम्हाला अजून माहीत नाही.

२. जागा निवडताना खोल खड्ड्याच्या मोहात पडू नका

इथे परागकणवाल्यांचं आणि पुरातत्त्ववाल्यांचं कायम भांडण. परागकणवाल्याला जुन्या पात्राच्या किंवा तळ्याच्या मधोमध, सगळ्यात जाड थरात कोअर हवा असतो कारण तिथे हजारो वर्षांची सलग नोंद मिळते. बरोबर आहे, एक कोअर तिथे हवाच. पण माणसं तळ्याच्या मधोमध राहत नव्हती, ती काठावर होती, जिथे पाय कोरडे राहतात आणि पाणी, मासे, लव्हाळी हाताशी असतात. यॉर्कशरमधलं स्टार कार हे मध्याश्मयुगीन ठिकाण असंच एका जुन्या तळ्याच्या काठावर आहे. ते तळं आज पीटने पूर्ण बुजलंय, वरून बघितलं तर सपाट शेत.

म्हणून कोअर एका रेषेत घ्या, उंच कोरड्या भागापासून खोल भागाकडे, जुन्या दरीला काटकोनात. आधी लांब लांब अंतरावर मारा, मग जिथे दोन शेजारच्या कोअरमध्ये थर जुळत नाहीत तिथे मधले भरा. सुरुवातीलाच सगळे कोअर समान अंतराच्या चौकटीवर ठरवून टाकले की बजेट सपाट कंटाळवाण्या भागात संपतं आणि काठावर, जिथे दर काही मीटरवर चित्र बदलतं, तिथे एकच कोअर येतो. निदान एक तृतीयांश कोअर राखून ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते पहिल्याच दिवशी संपवतो.

काठाशिवाय आणखी काय बघायचं? पूरमैदानात गाडलेले खडीचे उंचवटे, पूर्वीची बेटंच ती. जुन्या झऱ्यांच्या जागा. आणि दोन पात्रं मिळतात ती ठिकाणं.

३. हत्यार कुठलं, म्हणजे तुमचं

मऊ गाळात नुसतं पटकन बघायचं असेल तर हाताने दाबायचा गूज ऑगर, ही एका बाजूने उघडी अर्धगोल पन्हाळी असते. दिवसभरात पुष्कळ जागा होतात, पण यातला नमुना लॅबला पाठवायच्या लायकीचा नसतो, कारण तो बाजूच्या मातीला घासत वर येतो. पीट आणि मऊ चिखलासाठी रशियन कोअरर चांगला, त्याचा कप्पा खाली गेल्यावर फिरवून बंद होतो त्यामुळे वरची घाण आत शिरत नाही. कडक मातीसाठी, किंवा वर भराव असेल तर, विंडो सॅम्पलर, हा ठोकून घालतात आणि साधारण एकेक मीटरची नळी निघते. समुद्राच्या तळावर व्हायब्रोकोअर, तो बहुतेक वेळा ५-६ मीटरपर्यंत जातो, त्याहून खोल जायचं तर वेगळा खर्च आणि वेगळी बोट.

सावधान: पाण्याने भरलेल्या सैल वाळूत यातलं जवळपास काहीच नीट चालत नाही, नमुना वर येता येता गळून जातो. जुन्या लॉगमध्ये अशी वाळू दिसली असेल तर तळाशी झडप असलेलं टोक आधीच मागवा, जागेवर जाऊन मग फोनाफोनी करू नका.

४. प्रत्यक्ष कोअर काढताना

जमिनीखालच्या केबल, गॅसच्या लाइन, पाण्याच्या पाइप यांचे नकाशे बघून आणि डिटेक्टर फिरवूनच पहिला ठोका. यावर जास्त लिहीत नाही.

जमिनीची उंची आरटीके जीपीएसने (काही सेंमीपर्यंत अचूक असतो) कोअर काढायच्या आधीच घ्या आणि ती ठरलेल्या बेंचमार्कच्या, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या पक्क्या खुणेच्या संदर्भात घ्या. "नंतर घेऊ" म्हटलेली उंची नंतर चिखलात उभं राहून खड्डा नेमका कुठे होता हे आठवत घ्यावी लागते. ही उंची का एवढी महत्त्वाची ते सहाव्या टप्प्यात येतंय.

मग एकेका ड्राइव्हला, म्हणजे नळी एकदा आत घालून बाहेर काढण्याला, हा क्रम:

१. किती खोलीपासून किती खोलीपर्यंत ठोकलं ते लिहा.
२. नळी बाहेर काढा, आत प्रत्यक्ष किती लांबीचा गाळ आलाय ते मोजून लगेच शेजारी लिहा.
३. वरचे काही सेंमी नीट बघा. दुसऱ्या ड्राइव्हपासून पुढे ते बहुधा खड्ड्याच्या भिंतीवरून पडलेलं असतं. ते काढून टाका किंवा "पडझड" अशी खूण करा.
४. नळीवर वरचं टोक आणि खालचं टोक लिहा, बाण काढा, कोअर नंबर, खोली, तारीख. पक्क्या मार्करने, आणि दोन ठिकाणी.
५. दोन्ही टोकांना टोपी, वर टेप.

चौथ्या पायरीवर हसू नका. मी एकदा चार नळ्या उलट्या उघडल्यात, पावसात बाण पुसला गेला होता आणि टोप्या दोन्हीकडे एकाच रंगाच्या होत्या, आणि दीड दिवस आम्ही "समुद्र मागे सरकल्याचा सुंदर पुरावा" बघत बसलो होतो. तेव्हापासून वर लाल टोपी, खाली काळी, आणि नळीवर खिळ्याने ओरखडा.

लांबीतल्या फरकाचं काय? समजा १ मीटर ठोकलं आणि ७८ सेंमी आलं. मग २२ सेंमी कुठे गेलं? एकतर गाळ दबला, किंवा खालून गळला, किंवा मध्येच एखाद्या लाकडाच्या तुकड्याने नळीचं तोंड बंद केलं आणि पुढचं आत आलंच नाही. तिन्हींचा अर्थ वेगळा. पीट चिकणमातीपेक्षा कितीतरी जास्त दबतो, म्हणून २२ सेंमी सगळ्या लांबीवर सारखे वाटून टाकले तर खोल्या चुकतात. वाटायचेच असतील तर तसं केलंय हे लॉगवर लिहा, गुपचूप करू नका.

रशियन कोअररला एक पथ्य आहे. त्याचं टोक पुढचा गाळ ढवळतं, म्हणून त्याच भोकात लगेच पुढची खोली घेऊ नका. थोडं बाजूला दुसरं भोक घ्या आणि आलटून पालटून दोन्हीत उतरत जा, प्रत्येक तुकडा आधीच्यावर साधारण १० सेंमी चढलेला राहील असं बघा.

आणि प्रकाशाचं. वाळूचे किंवा पोयट्याचे कण शेवटचे उन्हात कधी होते हे ओएसएल पद्धतीने काढायचं असेल तर ती नळी अपारदर्शक हवी आणि एक क्षणही उजेडात उघडता कामा नये. पारदर्शक लायनरमध्ये (नळीच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर) काढून मग काळ्या पिशवीत घातलं तर ओएसएल गेलं. हे मशीन मागवतानाच ठरवावं लागतं, म्हणून दोन भोकं शेजारी शेजारी मारा, एक बघायला, एक अंधारात ठेवायला.

तपासा: दिवस संपताना सगळ्या नळ्या मोजा आणि वहीतल्या नोंदींशी जुळवा. आडव्या ठेवा, ४ अंशांच्या आसपास थंड खोलीत. गोठवू नका, बर्फाचे स्फटिक थरांची वाट लावतात.

५. उघडणं आणि वाचणं

इथे घाई करू नका, कारण उघडल्यावरची पहिली काही मिनिटं परत मिळत नाहीत. नळी लांबीत चिरा, दोन भाग करा, एक भाग लगेच गुंडाळून बाजूला ठेवा. दुसऱ्याचा पृष्ठभाग पात्याने साफ करा, पण पातं आडवं चालवा, कोअरच्या लांबीत नाही. लांबीत ओढलं की वरचा काळा पीट खालच्या राखाडी मातीवर फासला जातो आणि जी धारदार सीमा होती ती हळूहळू बदलल्यासारखी दिसते. प्रत्येक फटक्यानंतर पातं पुसा.

लगेच फोटो, शेजारी टेप आणि रंगपट्टी. हवाबंद गाळ उघडताना हिरवट-राखाडी किंवा तपकिरी असतो आणि बघता बघता काळपट पडत जातो, चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत वेगळाच कोअर समोर. सडक्या अंड्याचा वास आला तर नोंदवा, याचा अर्थ तिथे ऑक्सिजन पोहोचलेला नाही आणि लाकूड, बिया टिकल्या असण्याची शक्यता चांगली. पांढुरके ठिपके हवेत निळे पडताना दिसले तर ते व्हिव्हिअनाइट, लोह आणि फॉस्फेटचं खनिज, ओल्या हवाबंद सेंद्रिय गाळात ते होतं. हाडाजवळ होऊ शकतं पण हाड असलंच पाहिजे असं नाही.

प्रत्येक थरासाठी खोली, मन्सेल चार्टवरून (मातीच्या रंगांचा ठरलेला तक्ता) रंग, कणांचा आकार, सेंद्रिय भाग, समावेश (शिंपले, लाकूड, मुळं, कोळसा, खडे), आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस येतो का ते. सेंद्रिय गाळाला ट्रोल्स-स्मिथची वर्गवारी वापरा, १९५५ची आहे पण अजून तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

पण थरांपेक्षा थरांमधल्या सीमांवर जास्त वेळ घाला. नवखे नेमकं उलटं करतात, जाड थराचं अर्धं पान वर्णन आणि सीमेला "स्पष्ट" एवढा एकच शब्द. जुनी जमीन सीमेवरच असते. वरून खाली गेलेली बारीक मुळं, किड्यांनी केलेली भोकं, गडद झालेला आणि चुना धुऊन गेलेला पट्टा, दाणेदार पोत, हे दिसलं की तिथे जमीन काही काळ उघडी होती, तिच्यावर झाडंझुडपं होती. चुंबकीय ग्रहणशीलतेचा (गाळ किती चुंबकला जातो ते मोजणारा) मीटर असेल तर अशा ठिकाणी आकडा बरेचदा वर जातो.

याच्या उलट, सीमा धारदार आहे, तिच्यावर लगेच खडी किंवा फुटलेले शिंपले आहेत, वाळूत पीटचे गोळे अडकलेत, तर वरचं पाणी जोरात आलं आणि खालचं खरवडून नेलं. जमीन होती, आता नाही. या दोन सीमांमधला फरक म्हणजे जास्त शक्यता आणि कमी शक्यता यातला फरक.

६. लॅबच्या आधी मॉडेल

क्रम चुकतो तो सगळ्यात जास्त इथे. कोअर उघडले की लोक लगेच नमुने कापून पाठवतात, पैसे संपतात, आणि मग कळतं की पाचही तारखा एकाच थराच्या आल्यात.

आधी सगळे लॉग, जुने आणि नवे, उंचीवर आणा. खोलीवर नाही, उंचीवर. समजा क कोअरची जमीन ४.२ मीटरवर आणि पीट ३.१ मीटर खोल, ख कोअरची जमीन २.६ मीटरवर आणि पीट १.५ मीटर खोल. खोली बघितली तर दोन वेगळे पीट वाटतात, १.६ मीटरचा फरक. वजाबाकी करा, दोन्ही १.१ मीटरवर. एकच पीट असण्याची दाट शक्यता, आणि ठरवायला आता तारीख कुठे लागेल हेही कळलं.

मग छेद काढा, थर जोडा, आणि जिथे अंदाजाने जोडलंय तिथे तुटक रेष. सॉफ्टवेअर दोन कोअरच्या मध्ये गुळगुळीत सुंदर पृष्ठभाग काढून देतं, पण मधून एखादं अरुंद पात्र गेलेलं असेल तर ते त्याला माहीत नसतं. रंगीत नकाशा बघून भुलू नका, त्याच नकाशावर कोअरच्या जागा ठिपक्यांनी दाखवा म्हणजे कुठे माहिती आहे आणि कुठे नुसता रंग ते वाचणाऱ्यालाही दिसेल.

तपासा: राखून ठेवलेले कोअर वापरायची वेळ हीच. तुटक रेष जिथे सगळ्यात लांब आहे तिथे.

७. नमुने, मोजके

हा शक्यता तपासण्याचा टप्पा आहे, संपूर्ण विश्लेषणाचा नाही. प्रश्न एवढाच की परागकण, डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल), बिया, कवचं टिकलेत का आणि थर साधारण कुठल्या काळाचे. परागकणांचे तीनशे-तीनशे दाणे मोजत बसायची गरज नाही, थोड्या नमुन्यांत ते आहेत का आणि कुठल्या अवस्थेत आहेत ते बघा. डायटम आणि फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म समुद्री जीव) गोडं पाणी होतं की खारं ते सांगतात, किनाऱ्यावर हे फार उपयोगी. सेंद्रिय भाग किती ते बघायला नमुना १०५ अंशांवर वाळवा, वजन करा, ५५० अंशांवर जाळा, परत वजन करा, स्वस्त आणि भरवशाचं.

रेडिओकार्बनसाठी (सेंद्रिय वस्तूतल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत):

पीटचा अख्खा तुकडा पाठवू नका. त्यात वरून आलेली मुळं असतात, ती तारीख तरुण करतात. चाळून जमिनीवरच्या वनस्पतीची बी किंवा बारीक काटकी निवडा, कुठली वनस्पती ते ओळखून घ्या. जाड खोडाचं लाकूड टाळा, झाड स्वतःच शेकडो वर्षांचं असू शकतं. पाणवनस्पती आणि शिंपले पाण्यातला जुना कार्बन घेतात, समुद्री नमुन्यांत हा फरक सरासरी ४०० वर्षांच्या आसपास धरतात पण जागेनुसार बदलतो. पीटचा तळ आणि पीटचा माथा या दोन तारखा पहिल्यांदा, मधलं नंतर.

नमुना टिश्यू पेपरात किंवा कापसात गुंडाळू नका, तो आजचा कार्बन आहे. ओल्या बिया महिनोन्‌महिने फ्रिजमध्ये ठेवून त्यांच्यावर बुरशी चढली तर तारीख तरुण येते. आणि ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच, त्यामागे ओएसएल.

सावधान: कोळशाचे सूक्ष्म कण दिसले म्हणजे माणसं होती असं नाही. जंगलं विजेनेही पेटतात, आणि बारीक कण वाऱ्याने दूरवरून येतात. मोठे तुकडे, तेही गाडलेल्या जमिनीवर, आणि जोडीला उष्णतेने तडकलेला दगड असला तर मग कान टवकारा.

८. शक्यता लिहिताना

संपूर्ण जागेला एकच शिक्का मारू नका. थरानुसार आणि भागानुसार लिहा: कुठला भाग, बेंचमार्कपासून कुठली उंची, कुठला काळ, शक्यता किती, आणि का. यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण त्या हमखास एकमेकींत मिसळतात. माणसं इथे येण्यासारखी परिस्थिती होती का. जे पडलं ते जागच्या जागी आहे का. आणि ते टिकलंय का.

खडीचं उदाहरण घ्या. जोराच्या प्रवाहातली खडी म्हणजे शक्यता शून्य असं लिहितात. पण उत्तर समुद्रात, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापुढच्या एरिया २४० मधून बांधकामासाठी उपसलेल्या वाळू-खडीतच हातकुऱ्हाडी निघाल्या. म्हणून खडीला "हललेल्या वस्तूंची शक्यता आहे, जागच्या जागी असण्याची कमी" असं लिहा, आणि खडीत बारीक गाळाचे पट्टे असतील तर ते वेगळे दाखवा.

टिकण्याचंही एका शब्दात उरकू नका. आम्लयुक्त पीटमध्ये लाकूड टिकतं पण हाड विरघळतं, चुनखडीच्या गाळात हाड राहतं. पाण्याची पातळी आज कुठे आहे ते मोजा, कारण पीट हजारो वर्षं ओला होता म्हणून आजही ओला आहे असं नसतं. स्टार कारला निचऱ्यामुळे पीट सुकला, आम्लता प्रचंड वाढली आणि जुन्या उत्खननात उत्तम निघालेली हाडं-शिंगं नंतरच्या कामात मऊ, चेपलेली सापडली. कोअरच्या खड्ड्यात साधी छिद्रांची नळी बसवून काही महिने पातळी बघितली तर हा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो.

शेवटी पुढे काय करायचं ते नेमकं लिहा: कुठल्या भागात चाचणी खड्डा, किती खोल, आणि प्रकल्पाचा पाया त्या उंचीपर्यंत जातोय का. पाया दीड मीटरवर थांबणार आणि जुनी जमीन चार मीटरवर असेल तर खणण्यापेक्षा ती तशीच राहू देणं बरं, पण वरच्या ओझ्याने पीट दबेल का आणि निचरा बदलेल का हे मात्र विचारून ठेवा.

आणि तो गुंडाळून ठेवलेला अर्धा कोअर फेकू नका. प्लॅस्टिकची फिल्म, वर जाड पिशवी, लेबल आत एक आणि बाहेर एक, थंड खोली. तारीख विचित्र आली की सगळ्यात आधी तोच मागितला जातो.